२६ टक्के म्हणजे किती जणी?

महोदय,

‘धोका २६ टक्क्यांनी वाढला’ असे छापून येते. किती जणांमागे किती, हे मात्र गुलदस्त्यात! अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोनच्या गोळ्यांची १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी २००२ साली मुदतीआधीच थांबवली गेली. स्तनाच्या कर्करोगाच्या २६ टक्के वाढीचा केवढा गाजावाजा झाला! प्रत्यक्षात वर्षाला १०,००० स्त्रियांमागे रुग्ण ३० वरून ३८ झाले होते. अर्थात चाचणी मोलाचीच होती. आधीच्या नुसत्या निरीक्षणांत याच गोळ्या हृदयाला तारक वाटल्या होत्या, कारण त्या घेणाऱ्या बायका बहुधा मुळातच सुखवस्तू आणि तब्येत जपणाऱ्या होत्या. या चाचणीत गोळ्या कोणाला द्यायच्या आणि कोणाला नाही, याचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडल्यावर तो फायदा दिसेना. तेव्हा बातमीत टक्क्यांशेजारी मूळ आकडे आणि गट कसे पाडले, एवढे तरी छापावे.

– एक नियमित वाचक, सातारा