परत लावला, आत आला

चि. मनू,

काल फोन आधी कुणी ठेवला, यावर तुझ्या बाबांचं आणि माझं अजून एकमत नाही. तू म्हणालीस, "आई, तोंडाने पिपेट ओढायचे दिवस गेले, आता मशीनच सगळं सांगतं." कबूल. लॅबची इन्चार्ज तू, मी निवृत्त टेक्निशियन. म्हणून कंट्रोलबद्दल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेल्या त्या रोजच्या सॅम्पलबद्दल, एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

नव्या अॅनालायझरशेजारचा तुझा फोटो सगळ्यांना दाखवला. आत्याने कोटावरचं तुझं नाव मोठं करून वाचलं, विजूलाही वाचायला लावलं. मी मात्र मागच्या स्क्रीनवरचा चार्ट मोठा केला. सवय जात नाही. क्रिएटिनिनचे, किडनीच्या तपासणीच्या कंट्रोलचे, ठिपके बघ. एकही सरासरीपासून २ एसडीच्या, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या दुपटीच्या, बाहेर नाही, पण सलग १० च्या वर ठिपके सरासरीच्या वरच्याच अंगाला. रोज "आत आहे" म्हणून सही होत असणार. रिएजंटचा, तपासणीच्या रसायनाचा, लॉट बदलला का? कॅलिब्रेशन कधी झालं? ज्याचा आकडा मुळातच काठावर आहे, असा माणूस एवढ्याशा सरकण्याने किडनीचा रुग्ण ठरतो, आणि त्याला बिचाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

झालं, लिहिलंच.

मग आता बोलूनच टाकते. मला लागलं ते तुझं एक वाक्य: "बाहेर गेला तर परत लावतो, येतो आत." येणारच ना! २ एसडीची रेघ धरली तर ठणठणीत मशीनवरही २० तला एखादा कंट्रोल नुसत्या योगायोगाने बाहेर पडतो. म्हणून तर वेस्टगार्डनी १९८१ साली कंट्रोल वाचायचे नियम मांडले. एक ठिपका २ च्या बाहेर गेला तर तो इशारा. ३ च्या बाहेर गेला, किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला २ च्या बाहेर पडले, की रिपोर्ट थांबवायचे आणि कारण शोधायचं. कारण न शोधता परत लावला तर ते नशीब आजमावणं झालं. हे मी तुला सांगायचं? परीक्षेच्या वेळी तूच मला घडाघडा म्हणून दाखवायचीस, आणि मी चुकले की हसायचीस.

माफ कर, पुन्हा वर्ग भरवला. खरं तर तुला झोप मिळते का, एवढंच विचारायचं होतं.

ती पोटॅशियमची रात्र आठवते? आकडा ९ च्या वर, जिवावर बेतणारा, कंट्रोल आत, मशीन शहाण्यासारखं वागतंय. वॉर्डात फोन केला तर सिस्टर म्हणाली, रुग्ण उठून बसलाय, गप्पा मारतोय. कॅल्शियम लावून बघितलं तर जवळजवळ नाहीच. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त कुणीतरी साध्या ट्यूबमध्ये ओतलं होतं. आम्ही मोजत होतो ते त्या जांभळ्या ट्यूबमधल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएतलं पोटॅशियम, आणि कॅल्शियम त्या ईडीटीएनेच धरून ठेवलेलं. नवं सॅम्पल अगदी नॉर्मल. सकाळी तुझ्या बुटांच्या नाड्या बांधताना हे सगळं तुला सांगितलं, तर तू एवढंच विचारलंस, "मग त्या काकांना सांगितलं का?" आत्याला मी अजून हेच सांगते.

बहुतेक चुका अशाच, मशीनपर्यंत पोचायच्या आधीच्या. त्या पकडायला रात्रपाळीचा माणूस न घाबरता बोलणारा लागतो. कंट्रोल बाहेर गेला म्हणून त्या पोराने रात्री दोनला तुला उठवलं, तर ओरडू नकोस. एकदा ओरडलीस की पुढच्या खेपेला तो फोन करणार नाही. परत लावेल, आत येईपर्यंत लावत राहील, आणि वहीत शेवटचाच आकडा लिहील. तू मात्र निर्धास्त सही करशील. मला याचीच भीती वाटते, मनू. वॉर्ड रिपोर्टसाठी घाई करणार, वरचे साहेब उशिराचा तक्ता पुढे टाकणार, आणि थांबा म्हणणारी तू एकटी. लहानपणी तुला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. आता येत असेल. काल मला तर व्यवस्थित म्हणालीस.

रविवारी फोन कर. क्रिएटिनिनचं नाव काढणार नाही.

तुझी,
आई

ता. क. कदाचित नव्या लॉटवर नुसता कंट्रोलच सरकला असेल, रुग्णांची सॅम्पलं नसतीलही. जुन्या आणि नव्या लॉटवर तीच थोडी सॅम्पलं लावून बघ. काठावरची घे.