होम असिस्टंटवर घर हलवतोयस तर

लातूर

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, पण व्हॉट्सॲपवर एवढं तुकड्या-तुकड्यात टायपत बसायचं म्हणजे जिवावर येतं, म्हणून निवांत पत्रच लिहायलोय. शनिवारी सगळं जुनं काढतो अन् रविवारी होम असिस्टंटवर, म्हणजे घरातले दिवे-मोटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालू करतो म्हणलास. तसं काही करू नकोस गड्या, रविवारी रात्री वहिनी मोबाईलच्या उजेडात भाकरी थापतील अन् शिव्या मला बसतील.

हलवायचं मात्र नक्की. जुन्या कंपनीच्या ॲपचं असं होतं की मी इथं बटण दाबायचं, ते आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला जायचं अन् तिथून माझ्याच भिंतीवरच्या स्विचला निरोप यायचा. आपल्याकडं मे महिन्यात वारं सुटलं की लाईट जाते, लाईट आली तरी नेट लवकर येत नाही, तवर घर ठप्प. होम असिस्टंट घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, 2013 पासूनचं, अन् 2024 पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडं आहे, म्हणजे उद्या कुण्या कंपनीनं दुकान गुंडाळलं म्हणून तुझे दिवे बंद पडायचे नाहीत.

त्यासाठी रास्पबेरी पाय हा हातभर नसलेला छोटा कॉम्प्युटर घेणार असशील तर एसडी कार्डाच्या भरवशावर राहू नको, सारखं लिहून लिहून कार्ड मरतं. यूएसबीवर एसएसडी डिस्क लाव, पण झिगबीचा (स्विच-सेन्सर बिनवायरीचे ज्यावर बोलतात त्याचा) डोंगल तिच्या शेजारी खुपसू नको, यूएसबी थ्रीचा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झवर पडतो अन् झिगबी तिथंच बोलतं. मीटरभर यूएसबी केबल लावून डोंगल लांब टांग. वायफाय एक नंबर चॅनलवर असेल तर झिगबीला 25 दे, अन् ते डिव्हाइस जोडायच्या आधीच ठरव, नंतर बदललंस की काही सेन्सर रुसतात, परत जोडत बस.

झिगबीचं डिव्हाइस एका वेळी एकाच नेटवर्कात राहतं, म्हणून जुन्या कंपनीचा हब (डिव्हाइस जोडलेला डबा) काढू नको, दोन्ही चालू ठेव अन् एक-एक खोली हलव. आधी लाईटीवर चालणारे प्लग अन् बल्ब, कारण तेच पुढं सिग्नल पोचवतात, मग बॅटरीवाले दाराचे सेन्सर, तेबी जिथं बसवायचेत तिथंच जोड, टेबलावर नाही. जोडलं की काही वेळा शून्य-एक्सपासून सुरू होणारा लांबलचक नंबर नाव म्हणून येतो, तो तिथल्या तिथं बदल, ऑटोमेशन (आपोआप चालायचे नियम) लिहिल्यावर नाव बदलत बसलास तर निम्मे नियम गप पडतात, एरर शोधत फिरायचं.

पाण्याची मोटर सगळ्यात शेवटी! लातूरकराला पाण्याचं सांगायला नको, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेल्या आईला टाकी उतू गेलेली अजून सहन होत नाही. स्मार्ट प्लगमधून मोटर डायरेक्ट चालवू नको, त्यावर सोळा अँपियर लिहिलेलं असलं तरी, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते अन् आतल्या रिलेचे (विजेनं चालणाऱ्या छोट्या स्विचचे) पॉइंट चिकटतात, मग ॲपमध्ये बंद दिसतंय अन् मोटर चालूच. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल ओढायची, लोड कॉन्टॅक्टरनं घ्यायचा. आमच्या बोअरच्या लाईनवर करंट मोजणारं क्लॅम्प बसवलंय, पाणी तुटलं की मोटर कोरडी फिरते अन् करंट खाली येतो, तो थोडा वेळ तसाच राहिला की मोटर बंद अन् फोनवर निरोप. टाकीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून टाकी भरली की मोटर बंद करणारा) वायरनंच जोडलाय, कॉम्प्युटर बंद पडला तरी तो आपलं काम करतोच. लाईट गेली-आली की स्विच बंदच राहील हे सेटिंग तपास, नाहीतर रात्री दोनला लाईट येईल अन् मोटर आपोआप घुर्र करील.

अन् भिंतीवरची बटणं काढू नको बाबा. आई अजून बटणच दाबती, बोलून दिवे लावायच्या नादाला लागत नाही, त्या यंत्राला लातुरी बोललेलं कळतच नाही म्हणती. त्यात तिचं काय चुकलं?

पुढच्या आठवड्यात येतोयसच, तर तुझी मोटर किती एचपीची, सिंगल फेज की थ्री फेज, ते स्टार्टरच्या डब्याच्या फोटोसकट पाठव, त्या मापाचा कॉन्टॅक्टर गंजगोलाईच्या बाजारातून आणून ठेवतो. अण्णांना नमस्कार सांग.

तुझाच,
लातूरवाला