किरगिझस्तानातल्या बिश्केकच्या दुभाषी एजेंना आभारपत्र

आदरणीय एजे,
सप्रेम नमस्कार.

थोरल्या बहिणीला तुमच्याकडे जसे संबोधतात, तसेच तुम्हाला संबोधतो आहे. तुम्हाला मराठी येत नाही. पण बिश्केकमध्ये डॉक्टरकी शिकणाऱ्या आमच्याकडच्या मुलांपैकी कोणीतरी हे पत्र तुम्हाला रशियनमध्ये समजावून सांगेल, असा विश्वास आहे.

माहितीपटासाठी मी आलो, तेव्हा डोक्यात सेर्गेई मिरोशनिचेन्को यांची चित्रपटमालिका होती. 1990च्या सुमारास त्यांनी सोव्हिएत संघातील सात वर्षांची मुले चित्रित केली आणि ती चौदा वर्षांची होईपर्यंत तो देशच उरला नव्हता. तेवढाच मोठा प्रश्न मलाही विचारायचा होता. दोर्दोई बाजारात, एकावर एक रचलेल्या कंटेनरांच्या रांगेत, मोज्यांचे गठ्ठे लावणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला 'सोव्हिएत काळाबद्दल काय वाटते' असे विचारा, असे मी म्हणालो. तुम्ही तो प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचूच दिला नाहीत. जो देश हिच्या जन्माआधीच संपला, त्याविषयी ही पाठ्यपुस्तकातलेच सांगेल, असे मला बाजूला घेऊन सांगितलेत आणि तिला किरगिझमध्ये एवढेच विचारलेत, की घरी फोन कोणाचा येतो?

फोन मॉस्कोहून यायचा, रात्री, आईची साफसफाईची पाळी संपल्यावर. आजीने वाढवल्यामुळे ती आजीला 'अपा', म्हणजे आई, म्हणत होती आणि आईला 'एजे'. आमच्या जुन्या एकत्र कुटुंबांतही मुले आईला 'वहिनी' म्हणत, त्यामुळे मला आधी ते ओळखीचे वाटले; पण आमची वहिनी स्वयंपाकघरात असे, ही सुमारे 3,000 किलोमीटरांवर. परदेशी कमावत्यांनी पाठवलेला पैसा काही वर्षी किरगिझस्तानच्या सकल उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेला होता, हे मी वाचून आलो होतो. तो पैसा एका घरातली नात्यांची नावे बदलतो, हे तुमच्यामुळे ऐकले.

आजीची संमती मिळेपर्यंत हा भाग वापरायचा नाही, असा तुमचा आग्रह होता. त्यासाठी गावी जाऊन, त्यांच्याकडे चहा-नान घेत बसण्यात चित्रीकरणाचे दोन दिवस गेले. तेव्हा मी मनातून नाराज होतो, त्याबद्दल आज क्षमा मागतो. त्या अंगणातच आजींनी लेकीचा शाळेतला फोटो आपण होऊन आणून दाखवला आणि माहितीपट आता त्या फोटोपासून सुरू होतो.

मराठी उपशीर्षकांत 'एजे' हा शब्द तसाच ठेवला आहे. एक प्रत तुमच्यासाठी आणि एक आजींसाठी पाठवत आहे. त्यांना दाखवताना कृपया तुम्ही शेजारी बसावे.

आपला ऋणी,
पुण्याचा तुमचा धाकटा भाऊ