पाचवीत गेल्यावर झोप कमी लागते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुलं रात्री मोबाइल बघतात म्हणून वर्गात पेंगतात’ हे कालच्या अंकातलं पत्र वाचलं आणि राहवलं नाही. पत्रलेखक ज्येष्ठ आहेत, त्यांचा मान ठेवून सांगते, आमच्या मुलीच्या हातात मोबाइल नसतो. तरी तिची झोप होत नाही.

८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. मुलगी चौथीत होती ते वर्ष सुखाचं गेलं. पाचवीत गेली आणि शाळा सातची झाली. सहा वीसला बस, म्हणजे साडेपाचला उठायचं. या वयाला निदान नऊ तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे साडेआठला निजायला हवं. तिचे बाबा लोकलमधून उतरतात नऊला. बाबांना न भेटताच झोप, असं तिला कुठल्या तोंडानं सांगू?

मागच्या महिन्यात रात्री तिने माझ्यासमोर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज केली. छेद समान करून, न अडखळता सात बारांश. सकाळी पहिल्याच तासाला तेच गणित फळ्यावर आलं. हिने अंशात अंश मिळवला, छेदात छेद, आणि लिहिलं दोन सप्तमांश. ‘रात्रभर काय करत होतीस?’ असं सरांनी विचारलं. वर्ग हसला. घरी आली, जेवली, दप्तरावर डोकं ठेवून तासभर झोपली. उठल्यावर तेच गणित तिने दोन मिनिटांत बरोबर सोडवलं. पण वही मिटून म्हणाली, ‘आई, मी गणितात ढ आहे.’

मला हेच सांगायचं आहे. झोप अपुरी असली की येत असलेलंही ऐन वेळी आठवत नाही, आणि शिकलेलं पक्कं होतं तेही झोपेतच. मोठ्या माणसाला कळतं की आज झोप झालेली नाही. दहा वर्षांच्या मुलीला वाटतं, आपल्याला डोकंच नाही. आता ती वर्गात हात वर करत नाही. चौथीत हिचाच हात पहिला असायचा.

दोन सत्रं, बसच्या फेऱ्या, वर्गखोल्यांची टंचाई या अडचणी खऱ्या आहेत. पण चौथी आणि पाचवीमध्ये एका उन्हाळ्याच्या सुट्टीचं अंतर असतं. तेवढ्यात झोपेची गरज दीड-दोन तासांनी घटते का? उलट वयात येताना झोपच उशिरा लागायला लागते. म्हणून तर कॅलिफोर्नियात बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवू नयेत, असा २०२२ पासून कायदा लागू आहे.

आणि जाता जाता, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे ना? आमच्या मागच्या मैदानात हळदीचा डीजे परवा पावणेबारापर्यंत चालू होता. पोलिसांना दोनदा फोन केला. मुलगी कानावर उशी धरून जागी होती.

सोमवारपासून तिची घटक चाचणी आहे. पहिला पेपर गणिताचा, सकाळी सव्वासातला.

– एक पालक, डोंबिवली (पूर्व)