"खाली प्रेसचे नाव नको, काका"

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की माझ्या छापखान्यात रात्री साडेनऊनंतर गिऱ्हाईक येऊ लागते. मजकुराचा कागद पुढे सरकवताना वाक्य ठरलेले : "खाली प्रेसचे नाव नको, काका."

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७ अ मला पाठ आहे. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा, प्रकाशकाचे सहीचे निवेदन हवे, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम लोकसभा-विधानसभेचे, मी गावच्या पत्रकालाही तेच लावतो. दोघांच्या सह्या आणा म्हटले की निम्मे लोक चहासुद्धा न घेता उठतात. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. तरुणपणी ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छपाईयंत्रावर, असे एक निनावी पत्रक छापले होते. ज्यांच्यावर ते होते त्यांच्या घरची लग्नपत्रिका पुन्हा माझ्याकडे आली नाही.

गेल्या खेपेला शेजारच्या गावात दारोदारी गुलाबी पत्रक पडले. सरपंचपदाला उभ्या बाईंची घरपट्टी थकली आहे, निवडून आल्या तरी पद जाणार, तुमचे मत वाया. लिहिणारा अडाणी नव्हता. मागणी झाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर अपात्रता येते, हे ग्रामपंचायत अधिनियमात आहेच. कायदा खरा, थकबाकी तेवढी खोटी.

बाईंचे यजमान रात्री तणतणत आले. समोरच्याच्या दारूवर आणि मुलीच्या लग्नावर दोन पाने लिहून आणलेली. मी विचारले, "पावती आहे का?" होती. पिठाच्या डब्यामागे ठेवलेली, घडीवर फाटत आलेली. तीच मोठी करून छापली, खाली एक ओळ : 'ग्रामपंचायतीत नमुना ९ पाहा.' (नमुना ९ म्हणजे कर मागणीची नोंदवही.) 'थकबाकी' हा शब्द मी मुद्दाम येऊ दिला नाही; ज्यांनी गुलाबी कागद वाचला नव्हता त्यांना तो आपणच कशाला सांगायचा? त्याखाली त्यांचे आणि माझ्या प्रेसचे नाव.

बाई अकरा मतांनी पडल्या.

उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल वा वर्तनाबद्दल जाणूनबुजून खोटे छापले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली शिक्षा आहे, तीही नुसत्या दंडाची. पण दंड करणार कुणाला? गुलाबी कागदाचा फोटो तर व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो आहे, पावतीचा कुणी काढलाच नाही.

एका दैनिकाच्या तालुका पानावर तेव्हा 'निनावी पत्रकाने खळबळ' अशी बातमी आली. आरोप सविस्तर, पावतीचा उल्लेख नाही. बाईंना फोनही गेला नव्हता. अशी बातमी देताना उमेदवाराला एक फोन करा, कागद मागून बघा, आणि पत्रकाखाली मुद्रकाचे नाव होते की नव्हते एवढे तरी छापा.

बाईंचे गाव ओळखू येऊ नये म्हणून माझे नाव छापू नये. आपल्याकडे ते पत्त्या-सहीसकट दिले आहे.

एक मुद्रक, ता. बार्शी