टीबीच्या गोळ्यांनी ही छाती बरी होणार नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
प्रत : मा. कामगारमंत्री

स. न. वि. वि.

मी कोल्हापूर परिसरात छातीचे विकार पाहणारा डॉक्टर आहे. इथल्या फाउंड्र्यांमधले, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांमधले, कामगार माझ्याकडे येतात तेव्हा अनेकांच्या पिशवीत टीबीच्या गोळ्यांची पाकिटं असतात. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झालेला असतो, कुणाचा दोनदा. थुंकीत जंतू एकदाही सापडलेला नसतो. खोकला तसाच, धाप मात्र वाढलेली. एक्स-रे लावला की दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात मोहरीच्या दाण्यांएवढे गोल ठिपके विखुरलेले दिसतात. टीबीही बहुधा वरच्याच भागात बसतो, म्हणून फसगत होते. काम काय करता, असं विचारल्यावर उत्तर येतं, "फेटलिंग." म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची, वर्षानुवर्षं. आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं असतं : मजुरी.

हा सिलिकोसिस आहे, साहेब, म्हणजे वाळूतल्या सिलिका या खनिजाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट द्रव मोठी धूळ अडवतात, श्वसनींच्या आतले सूक्ष्म रोम ती वर ढकलून खाकरून टाकायला लावतात. पण पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण या पहाऱ्यातून निसटतो आणि थेट वायुकोशात उतरतो. तिथल्या भक्षकपेशी त्याला गिळतात. स्फटिकरूप सिलिका त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रातून फुप्फुसात गाठी आणि वण तयार होतात आणि वणाच्या जागेतून ऑक्सिजन रक्तात जात नाही. हे वण मिटवणारं औषध आजही नाही. काम सोडलं, माणूस गावी परतला, तरी आजार पुढे सरकतच राहतो. तोंडाला बांधलेला रुमाल एवढा बारीक कण अडवत नाही, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला सांगायला हवं.

टीबीचा संशय घेणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. सिलिकानं भक्षकपेशी निकामी झाल्या की टीबीचा जंतू सहज शिरतो आणि दोन्ही आजार एकाच छातीत नांदतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सिलिकोसिसच्या रुग्णांमध्ये सुप्त टीबी शोधून प्रतिबंधक उपचार द्यायला सांगते. पण त्यासाठी सिलिकोसिस आधी ओळखला तर पाहिजे! धूळ कुणी विचारतच नाही, तिथे ना टीबी नीट बरा होतो, ना माणूस त्या धुळीतून बाहेर निघतो.

आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, यात मोकळी सिलिका कमी असते. त्यामुळे महाराष्ट्रात हा आजार नाहीच, असा समज डॉक्टरांमध्येही आहे. पण फाउंड्रीची वाळू म्हणजे जवळपास निव्वळ सिलिका. सिंधुदुर्गात कासार्डे भागात ती खणली जाते, धुतली जाते. तिथल्या खाणीपासून कोल्हापूरच्या भट्टीपर्यंत या वाळूला हात लावणारा प्रत्येक कामगार धोक्यात आहे.

कायदा नाही, असंही नाही. 1948च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, सिलिकोसिस आहे, 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. जुन्या कायद्याच्या कलम 89नं रुग्ण आढळल्यास कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवर टाकली होती. तरी नोंद होत नाही, कारण कंत्राटी कामगाराकडे त्या कारखान्यात काम केल्याचा कागदच नसतो आणि निदान लिहून देणाऱ्या डॉक्टरला पुढे सगळा ताप एकट्यालाच होतो.

गुजरातमधल्या गोध्र्याच्या, क्वार्ट्झ म्हणजे गारेचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गेले, गावी परतून मेले. त्यांपैकी 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये गुजरात सरकारला दिला. भरपाई मिळाली ती माणसं गेल्यावर. राजस्थाननं 2019 मध्ये न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीनं होणारे फुप्फुसाचे आजार, यांसाठी धोरण आणलं. तिथे वैद्यकीय मंडळानं प्रमाणपत्र दिलं की रुग्णाला हयातीतच तीन लाख मिळतात, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी दोन लाख.

महाराष्ट्राला हे जड नाही. खाणबाधितांसाठीचा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे उपकर जमा होतो आणि मंडळाच्या कामांच्या यादीत "दगड कापणे, फोडणे" हेही आहे. माझी विनंती अशी की, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात छातीविकारतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ असलेलं प्रमाणन मंडळ नेमावं. कामाचा पुरावा म्हणून सहकाऱ्यांचा जबाब ग्राह्य धरावा. परप्रांतीय कामगाराचं प्रमाणपत्र त्याच्या राज्यातही चालेल, अशी तजवीज करावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं ग्राइंडिंगच्या जागी धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे की नुसती बसवली आहे, हे कामाच्या वेळी जाऊन पाहावं.

या सगळ्याला वेळ लागेल, हे मी जाणतो. पण एक परिपत्रक आपण याच आठवड्यात काढू शकता : थुंकीत जंतू न सापडता टीबीचा उपचार सुरू करायचा असेल, तर रुग्णानं आजवर कोणकोणती कामं केली आणि किती वर्षं केली, हे केसपेपरवर लिहिणं बंधनकारक राहील.

आपला,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक छातीविकारतज्ज्ञ