ऑन का फॉर

सोन्या,

काल रात्री तू घाईघाईत विचारलास की काँग्रॅच्युलेटच्या पुढं ऑन येतं का फॉर, अन् मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते म्हणून नुसतं "ऑन" म्हणून फोन ठेवला. आता ट्यूशनची पोरं यायला अर्धा तास आहे म्हणून नीट लिहायलेय.

तर ऑनच. आधी माणूस, मग ऑन, मग कारण, 'काँग्रॅच्युलेट यू ऑन युवर प्रमोशन'. माझी दहावीची पोरं 'काँग्रॅच्युलेट युवर सक्सेस' लिहितात, म्हणजे हार यशाच्या गळ्यात अन् माणूस बाजूलाच! फॉर पण कानावर येतं हल्ली, पण तू ऑन लिही. नुसता एक शब्द टाकायचा तर काँग्रॅच्युलेशन्स, शेवटचा स खाऊ नको. दिवाळीला मात्र हा शब्द चालत नाही, तिथं हॅपीच, कारण दिवाळी काय कुणी कमावलेली नसते (लाडू वळणारीनं कमावलेली असते, ते सोड).

मूळ लॅटिन आहे बघ, कॉन म्हणजे सोबत अन् पुढचं आनंद दाखवणं, ग्रेटफुल पण त्याच घरातलं. पूर्वी इंग्रजीत तर काँग्रॅच्युलेट विथ असं पण म्हणायचे, म्हणजे त्याच्यासोबत आपणपण खूश व्हायचं. आपल्या अभिनंदनात आनंदातला नंद आहेच की, पण ते 'सोबत' काय त्यात नाही. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत कसं, नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणारे वेगळेच असतात अन् रस्त्याकडेला उभं राहून "हर्र बोला हर्र" करत घसा आपला बसतो, ते 'सोबत' म्हणजे तसलं काहीतरी.

फोनवर तुझा आवाज कळला मला. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलात अन् प्रमोशन तुझ्या सोबतच्याला. माझं पण झालंय असं, शाळेतल्या एका जागेला मी अन् माझी मैत्रीण दोघी होतो, तिचं झालं, ती पेढे घेऊन आली तर मी झोपलेय म्हणून आईला सांगायला लावलं अन् आतल्या खोलीत जागी पडून होते. पेढे दोन दिवस तसेच, मग मुंग्या लागल्या. ती परत आली नाही लवकर.

मेसेज टाकलास का अजून नाही? बसनं पार्सल पाठवलंय, कडक भाकरी अन् शेंगाचटणीच्या दोन पुड्या, एक त्याची. जरा तिखट झालीय, त्याला आधी सांग.

आई